खाडीकाठचे चिंतन आणि चिंचोके

बाळकुमच्या वाचनालयातल्या भित्तिपत्रावर वाट्टेल ते लागतं, याचा सहदेवला भयंकर संताप होता. कुणी जावयावर कविता करी, कुणी कोळंबीच्या कालवणाची कृती देई, आणि त्याच्या ‘खाडीकाठचे चिंतन’ या लेखाला जागा कुठे, तर खाली कोपऱ्यात! एक्क्याण्णव साली तो संपादक झाला आणि त्याने दर्जाची चाळणीच लावली. लेखावर नाव नाही. प्रत्येक लेखाखाली एक डबा. लेख आवडला, तर त्यात चिंचोका टाकायचा. ज्याचे चिंचोके सर्वांत कमी, त्याला फळा कायमचा बंद.

महिनाअखेरीस डबे उघडले. मंजुळाच्या कोळंबीचा डबा ओसंडून वाहत होता. ‘चिंतना’च्या डब्यात चिंचोके दोन: एक सहदेवचा आणि एक त्याच्या बायकोचा, शालनचा.

“कोळंबीत कसलं आलंय वाङ्मय?” सहदेव शेजारच्या धाकूवर कडाडला. “वाचून टाकलेस ना चिंचोके?”

“वाचायचं कशाला? मंजुळावैनीनं माझ्या पोरीच्या हळदीला साडी आणलेली. मंग तिच्या डब्यात नको टाकू?”

“अरे, पण नावं झाकलेली होती!”

“तिलाच इचारलं, तुझा डबा कुठला म्हणून.”

“हा आहेर नाही रे! दर्जा ठरवायचाय!”

“ते ऱ्हाऊ द्या. तुमी कोनाच्या हळदीला आलेले कधी?”

सहदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्याच नियमाने स्वतःचाच लेख बाद! वाचनालयाच्या मंडळींनी दया येऊन त्याला आणखी एक महिना दिला. मग दात-ओठ खात तो हळदींना जाऊ लागला. देवरामच्या अंगणात बेंजोवर नाचला, बायजाच्या मांडवात मटण वाढलं, ज्याच्या त्याच्या नवरदेवाला हळद फासली. लग्नसराई ऐन भरात होती, त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

या खेपेला त्याचा डबा एवढा भरला की झाकण बसेना. सहदेव ताठ मानेने घरी आला.

“बघितलंस? चांगलं लेखन लोकांना शेवटी कळतंच!”

“पण तुमचा लेख तर इथेच पडलाय,” टेबल आवरता आवरता शालन म्हणाली. “तिथे नुसताच डबा टांगलेला आहे.”

“काय? म्हणजे न वाचताच टाकले? एवढा सकस लेख आणि कुणी विचारलंसुद्धा नाही? आत्ता जाऊन लावतो!” सहदेवने कागद उचलला आणि पायांत चपला सरकवल्या.

शालनने तो कागद शांतपणे त्याच्या हातातून काढून घेतला.

“आता नका लावू. कुणी वाचला, तर चिंचोके कमी व्हायचे.”