वाढदिवसाचा सॅमन

"मासा मी आणणार," असं आर्विड न्याहारीच्या टेबलावर म्हणाला, तेव्हा लेम्पीचा चमचा कॉफीतच थांबला.

"कोण?"

"मी. या वर्षी तुझ्या आईच्या वाढदिवसाचा सॅमन मी पकडणार. वेंडेलला कळवूनही टाकलंय. बटाट्याची कोशिंबीर त्याने करायची."

लेम्पीने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

हिल्माबाईंना दोन मुली आणि तेवढेच जावई. थोरला वेंडेल दर ऑगस्टमध्ये समुद्रातून हातभर लांब सॅमन आणी, निखाऱ्यावर भाजून टेबलाच्या मधोमध ठेवी आणि सासूबाईंच्या उजव्या हाताला बसून तो कसा पकडला ते सांगे. मासा संपे, गोष्ट संपत नसे. धाकटा आर्विड बटाट्याची कोशिंबीर आणी आणि दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसे. बटाटे कसे पकडले, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्या उजव्या हाताच्या खुर्चीसाठी त्याने एक जुनी बोट घेतली होती. गेल्या दोन उन्हाळ्यांत बोटीने त्याला सोललेलं नाक आणि कुणाचा तरी डावा बूट एवढं मिळवून दिलं होतं.

शनिवारी भल्या पहाटे दोघं धक्क्यावर पोचले, तर हिल्माबाई आधीच हजर. पायात रबरी बूट, डोक्यावर लोकरीची टोपी, काळी पर्स पोटाशी धरलेली.

"आई, तुम्ही?"

"माझ्या वाढदिवसाचा मासा ना? म्हटलं, जिवंतपणी एकदा भेटून घ्यावं."

नवरा हयात असताना बाईंनी त्याच्या बोटीवर उभी हयात घालवली होती. त्यांना 'नको' कोण म्हणणार? त्या चढल्या, बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

सॅमनसाठी बोट एका जागी उभी करून भागत नाही. इंजिन नुसतं कण्हत राहील इतकी हळू चालवायची आणि शिशाच्या गोळ्याने खोल नेलेला गळ मागून ओढत हिंडायचं. मासा लागला की दोरी त्या गोळ्याला धरून ठेवणाऱ्या चिमट्यातून सुटते, गळाची वाकलेली काठी ताडकन सरळ होते आणि बोटीवर आरडाओरडा होतो. दोरी उगाच सुटू नये म्हणून आर्विडने चिमटा असा आवळला होता, की तो सोडवायला देवमासाच यायला हवा होता.

लेम्पी सुकाणूवर बसली. कोलंबिया नदीचं मुख मागे पडलं, धुकं विरलं, ऊन चढलं. आजूबाजूच्या बोटींवर आरडाओरडा होत होता. आर्विडची काठी वाकलेलीच. टोक तेवढं थरथरत होतं.

"लाटा," आर्विड म्हणाला.

"लाटाच," हिल्माबाई म्हणाल्या.

रेडिओ खरखरला. "काय साडूभाऊ!" वेंडेल होता, कोशिंबीर सोडून तोही समुद्रावर आलेला. "आम्हाला एक लागला रे. पण लहान होता, सोडून दिला. तुझ्या बुटाएवढाच असेल."

"एकदा वर काढून बघूया का?" लेम्पी म्हणाली. "आमिष तरी आहे की गेलं?"

"नको गं," हिल्माबाई म्हणाल्या. "सारखं उपसत बसलं तर मासा लागायचा कधी? जावईबापूंना कळतं त्यातलं."

लग्नानंतर हे वाक्य आर्विडने प्रथमच ऐकलं. त्याची छाती लाइफजॅकेटात मावेना. गळ खालीच राहिला.

दुपार होत आली, तेव्हा त्याला साक्षात्कार झाला. "बोटीवर कुणीतरी केळं आणलंय!"

आमच्या किनाऱ्यावर माणूस एक वेळ पँट विसरेल, पण बोटीवर केळं आणणार नाही. केळं आलं की मासा गेला. याला पुरावा काय, असं विचारणाऱ्याला इथे बोटीवर घेत नाहीत.

आर्विडने खोकी उघडली, पिशव्या उलट्या केल्या. हिल्माबाईंनी हवेत वास घेतला. "लेम्पी, तुझ्या डब्यातला तो पाव कसला गं?"

लेम्पीचा चेहरा पडला. "केळ्याचा. पण तो भाजलेला आहे! भाजल्यावर कसलं आलंय केळं?"

"केळं ते केळंच," हिल्माबाई खेदाने म्हणाल्या आणि पर्स आणखी जवळ ओढली.

पाव समुद्रात गेला. तत्क्षणी कुठून कुठून आलेल्या सीगलांनी त्यावर झडप घातली. आता पक्षी बुड्या मारतात तिथे छोटी मासळी, आणि छोटी मासळी तिथे सॅमन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाहता पाहता सगळ्या बोटी तिकडे वळल्या. सर्वांत पुढे अर्थात वेंडेल. त्याची दोरी आर्विडच्या दोरीवरून गेली, त्याची काठी ताडकन सरळ झाली आणि आर्विडच्या नाकासमोर एक प्रचंड सॅमन उसळून त्याला आंघोळ घालून गेला.

"जागा झकास शोधलीस रे!" वेंडेल मासा जाळ्यात घेत ओरडला. "पण तुझी दोरी अडकली माझ्यात, जरा वर काढ!"

निरुपायाने आर्विडने गळ वर काढला. टोकाला तळहाताएवढं सॅमनचं पिल्लू होतं. सकाळपासून ते बोटीमागे अख्खा समुद्र हिंडलं होतं, आणि चेहऱ्यावर बळजबरीने सहलीला नेलेल्या मुलाचा कंटाळा होता. सोडल्यावर ते मागे वळूनही न पाहता निघून गेलं. लेम्पी एवढी हसली की इंजिन बंद पडलं.

संध्याकाळी आर्विडने मुकाट्याने बटाटे उकडत ठेवले.

रविवारी टेबलाच्या मधोमध वेंडेलचा सॅमन आणि उजव्या हाताला वेंडेल. "...काठी अशी वाकली, म्हटलं, आता मी तरी जातो नाहीतर..." तो सांगत होता. आर्विड कोशिंबिरीचं भांडं ठेवून घडीच्या खुर्चीकडे निघाला.

"वेंडेल, जरा ऊठ बाबा," हिल्माबाई म्हणाल्या. "तू तिकडे दाराशी बस. कोशिंबीर लांब पडते मला. आर्विडला इकडे येऊ दे, वाढायला."

अर्धी गोष्ट तोंडात घेऊन वेंडेल दाराजवळ गेला. घडीची खुर्ची त्याच्याखाली कुरकुरली.

आर्विडने वाढलं. बाईंनी संपवलं. पुन्हा वाढलं. सॅमनचा तुकडा त्यांनी अलगद टेबलाखाली मांजरापुढे सरकवला.

"आई, मासा नाही आवडत?"

"तुझ्या सासऱ्याने जन्मभर सकाळ-संध्याकाळ तोच खायला घातला," त्या कुजबुजल्या. "वर्षातून एकदा ही कोशिंबीर मिळते. आणि तू निघालास ती वेंडेलच्या हाती द्यायला! तो बेदाणे घालतो तीत. बेदाणे!"

आर्विड त्यांच्याकडे पाहतच राहिला. "म्हणजे काठीचं टोक थरथरत होतं, ते..."

"मला काय दिसत नव्हतं?" बाईंनी रुमालासाठी पर्स उघडली. रुमालाच्या आधी एक केळं बाहेर आलं, काळं पडलेलं, दोन दिवसांचं मुरलेलं.

"आई!"

"खात्री असलेली बरी," हिल्माबाई म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. "शेपू जरा जास्त झालाय. पुढच्या वर्षी कमी घाल, पोरा."