सुकटीच्या खोलीतला ओझोन

२०२३ सालच्या डिसेंबरात आरे-वारेच्या रस्त्यावरच्या फरीदाच्या घरी पहिले पाहुणे यायचे होते, आणि खोलीतला सुकटीचा वास काही जात नव्हता. लग्न होऊन आल्यापासून फरीदा याच खोलीत सुकट आणि सुके बोंबील भरून ठेवत आली होती. मुलाने, अरीबने, खोलीला रंग देऊन पलंग टाकला. पाहुण्यांचा धंदा चालला तर तो घरी राहणार, नाहीतर ईद झाली की पुन्हा कतार.

कतारला तो ओझोनने पाणी शुद्ध करायच्या प्लँटवर होता. त्याने मुंबईहून ओझोनचं मशीन मागवलं.

"अम्मी, ओझोन वासाला जाळून टाकतो. मशीन चालू असताना आत जायचं नाय हां, छाती पण जाळील."

"दिसतो कसा?"

"दिसत नाय."

"मग हाय कशावरून?"

"बिलावरून कळंल," ओट्यावरून अहमद, तिचा नवरा, म्हणाला.

फरीदाचा विश्वास करवंटीच्या कोळशावर. तो वास ओढून घेतो, हे तिने आईच्या कपड्यांच्या पेटीत पाहिलं होतं. अरीब हसेल म्हणून न सांगता तिने एक पोतं पलंगाखाली सरकवलं.

मशीन दिवसभर घुमलं. अरीबने दारातूनच ओझोन मोजायचा मीटर आत धरला. ओझोन जवळजवळ नाहीच. वास जागच्या जागी. फरीदाला वाटलं, एक पोतं कमी पडलं. तिने दुसरं सरकवलं. अरीब फोनवर कंपनीशी भांडला. कंपनीने मोठं मशीन पाठवलं. फरीदाने तिसरं पोतं कपाटामागे लपवलं. अहमदला सगळं ठाऊक होतं, पण दोघंही खुशीत कामाला लागलेली पाहून तो मधे पडला नाही.

पाहुणे यायच्या सकाळी चादर खोचताना अरीबला पोतं दिसलं.

"अम्मी! हे काय?"

"कोळसा. तुझ्या मशीनला मदत."

अरीब खाली फरशीवरच बसला. प्लँटमध्ये उरलेला ओझोन बाहेर सोडण्याआधी कोळशाच्या टाकीतून नेत. कोळशाला लागला की त्याचा परत साधा ऑक्सिजन होतो. त्या टाकीतला कोळसा बदलायचं काम अरीबचंच होतं.

"ओझोन मारायला मला तिथे पगार होता. तू फुकटात मारलास!"

"म्हणजे कोळसा चांगला निघाला?"

पोती दारापुढच्या खळ्यात गेली, दोन्ही मशीनं पूर्ण जोरात लागली, आणि वास खरंच मेला. पण तोवर पहिला पाहुणा, नाशिकचा दर्शन, बायकोला घेऊन दारात उभा. खोली हवेशीर होईपर्यंत कोणाला आत घेता येईना. फरीदाने दोघांना खळ्यात बसवलं, समोर दिसला तोच कोळसा पेटवला आणि त्यावर बांगडे टाकले.

"मावशी, ह्या धुरालाच काय चव आहे हो!" दर्शनची बायको बोटं चाटत म्हणाली.

फरीदाने पोत्याकडे पाहिलं आणि आणखी एक बांगडा वाढला.

संध्याकाळी खोलीला कसलाच वास नव्हता. फक्त नव्या चादरीचं इलॅस्टिक ताणताच पापडासारखं मोडलं. ओझोनने तेही जाळलं होतं. अरीबने गाठ मारली आणि तो कितीतरी दिवसांनी निवांत झोपला.

सकाळी तो चहा घेऊन गेला, दर्शनने खोलीचं दार उघडलं आणि अरीबने नाक धरलं. दर्शनने रात्री फरीदाकडून पिशवीभर सुकट विकत घेतली होती आणि मांजर नेईल म्हणून उशाशी ठेवली होती.

"घराला असा वास पाहिजे," दर्शन म्हणाला. मोबाइलवर घराबद्दल अभिप्राय लिहिला, त्यातसुद्धा तेच.

अरीब कतारला गेला नाही. पाहुणे आता माडीवर झोपतात, आणि जाताना सुकट नेतात म्हणून खालची खोली पुन्हा सुकटीची झाली. दर्शन दर डिसेंबरात येतो. लहान मशीन कंपनीने परत घेतलं. मोठ्यावर अहमद पानाचा डबा ठेवतो. फरीदा मात्र चूल फुंकताना अजून अरीबला विचारते,

"त्या तुझ्या ओझोन मारायच्या कामाला तिथे बायकांना घेतात काय रे?"