आल्याचं विरजण

टेलरमास्तरांची बायको दीड महिन्यासाठी म्हणून लेकीच्या बाळंतपणाला गेली, त्याला आता चौथा महिना लागला होता. नात गुटगुटीत होती, लेक खुशीत होती, आणि मास्तर रोज दुपारी दुकानामागच्या स्वयंपाकघरात रिकाम्या पेल्याकडे बघत बसत होते. गेली बावीस वर्षं या वेळेला त्या पेल्यात बायकोच्या हातचं आल्याचं पाणी असायचं. सोडा न घालता आपोआप फसफसणारं, नाकात झिणझिण्या आणणारं.

"लवकर ये" म्हणणं मास्तरांच्या जिभेला जमणारं नव्हतं. लेक काय म्हणेल, आणि मुख्य म्हणजे बायको काय म्हणेल. म्हणून त्यांनी फोनवर विचारलं, "ते आल्याचं पाणी कसं करतात गं?"

तिने सांगितलं. आधी विरजण धरायचं. बरणीत पाणी, किसलेलं आलं आणि साखर, वर फडकं. रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर. बुडबुडे आले की ते गाळून, आलं-साखर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं आणि बाटल्या भरायच्या. एका फोनचं काम, पण मास्तरांनी ते नऊ दिवस पुरवलं. आलं सालासकट किसू का? फडकं सुती हवं की पॉपलीन चालेल? ती सांगायची आणि मास्तर "हं, हं" करायचे. ती काय सांगते आहे याकडे त्यांचं लक्ष नसे. ती सांगते आहे, एवढंच ते ऐकत. फोन ठेवताना ती दर वेळी जराशी थांबायची.

"आणखी काही?"

"नाही, आल्याचंच होतं."

या असल्या ऐकण्यानेच घात केला. भरलेल्या बाटल्यांची बुचं रोज थोडी सैल करायची, हे तिने दोनदा बजावलं होतं. मास्तरांनी बुचं ठोकून बसवली, वर बटणाच्या दोऱ्याचे चार-चार वेढे आवळले आणि सहाही बाटल्या इस्त्रीच्या टेबलामागे, फळीवर उबेला ठेवल्या.

चौथ्या दिवशी बँडमास्तर आपल्या नव्या पांढऱ्या कोटाची ट्रायल द्यायला आले. मास्तर तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यावर बसून कोटाचा घेर बघत होते, तेवढ्यात पहिली बाटली फुटली. जन्मभर ढोलाशेजारी उभा राहिलेला तो धिप्पाड माणूस क्षणात कापायच्या टेबलाखाली गेला. पहिलीच्या धक्क्याने दुसरी गेली, मग तिसरी. बँडमास्तरांनी सवयीने ताल धरून सहा मोजल्या आणि मगच बाहेर आले. कोटाचा रंग आता सांगता येण्यासारखा नव्हता. त्यांनी बाही हुंगली, जिभेला लावून पाहिली.

"चव चांगली आहे," ते म्हणाले. "पण कोट शनिवारपर्यंत पांढरा पाहिजे."

दुपारी फोनवर मास्तरांनी कबुली दिली.

"लागलं का तुम्हाला?" तिचा आवाज बदलला होता.

"मला नाही. कोटाला लागलं."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे रोज विचारावं लागेल तुला."

"ठेवते" म्हणून तिने फोन ठेवला. पुढचे दोन दिवस तिने तो उचललाच नाही. मास्तरांनी एक बाही उलटी शिवली, उसवली आणि पुन्हा उलटीच शिवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला, "आले."

मास्तरांना हायसं वाटलं. राग गेला, शिकवणी पुन्हा सुरू झाली. त्यांनी ताबडतोब विचारलं, "किती?"

"पाव तास."

मास्तरांनी होतं नव्हतं तेवढं आलं किसलं, पातेलं चढवलं आणि घड्याळ लावून बरोबर पाव तास उकळलं. मग आज्ञाधारकपणे कळवलं, "उकळलं. पुढे?"

"मीही उकळतेच आहे. अर्धा तास स्टँडवर उन्हात बसलेय. न्यायला येताय का?"

मास्तर गळ्यातल्या टेपासकट धावत सुटले. ती पिशव्या मांडून बाकावर बसली होती. रागावलेली दिसत होती, आणि थोडी वाळलेलीही.

"एकदा तरी 'ये' म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मी रोज विचारत होते, आणखी काही."

मास्तरांनी दोन्ही पिशव्या उचलल्या. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून विचारलं, "किती दिवस आहेस?"

"लेकीला सांगून आलेय. विरजण धरते, बाटल्या भरून देते की निघाले."

म्हणजे नऊ, फार तर दहा दिवस. घरी पोचताच तिने विरजण धरलं. तिचा हातच तसा, तिसऱ्या दिवशी बरणीत बुडबुड्यांची रांग लागली. ती बघून मास्तरांचा जीव थोडा थोडा झाला. रोजच्या फोनांतलं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात नीट राहिलं होतं: कढत पाणी पडलं की विरजण मरतं.

चौथ्या दिवशी ते पहाटेच उठले आणि चोरपावलांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. बरणीवरचं फडकं सोडलेलं होतं आणि तिच्या हातातल्या किटलीच्या तोटीतून वाफ येत होती. तिने सावकाश धार धरली, बरणी भरू दिली, थोडं पाणी ओतून टाकलं आणि फडकं होतं तसं बांधलं. मास्तर आल्या पावली परतले आणि डोळे गच्च मिटून पडून राहिले.

चहाच्या वेळी तिने बरणी उजेडात धरली. "एकही बुडबुडा नाही हो. पुन्हा पहिल्यापासून धरावं लागणार."

"आलंच बरोबर नसेल," मास्तर बशीत बघत म्हणाले. "सावकाश धर. घाई कुणाला आहे?"