निमजेकाकांचं हळू मशीन

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निमजेकाकांच्या घरी पंख्याच्या रेग्युलेटरवर पाचच्या पुढे सहा आणि सात असे आकडे आहेत. कंपनीने दिलेले नाहीत, काकांनी लाल ऑइलपेंटने स्वतः रंगवलेले आहेत. आणि पंखा त्या आकड्यांवर खरोखर चालतो. सातवर लावला की भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत जाऊन परत येतं. पाहुण्याने वाचायला पेपर मागितला, तर काकू आधी पंखा तीनवर आणतात आणि मग पेपर देतात.

कूलरचं तर विचारूच नका. त्यात काकांनी एवढा मोठा पंप बसवलाय की समोर बसलेल्या माणसाला गार हवा लागते आणि हवेबरोबर पाणीही लागतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा काकूंनी चहासोबत टॉवेल आणून दिला होता. मला तेव्हा त्याचा उलगडा झाला नाही. चहा संपेपर्यंत झाला.

काका आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवणारे निदेशक म्हणून रिटायर झाले. घराणं विणकरांचं. वडिलांचा हातमाग होता, पण काकांचा जीव सुतापेक्षा लोखंडात जास्त. कुठलंही यंत्र दिसलं की ते त्याच्यावर हात ठेवतात, डोळे मिटून जरा ऐकतात आणि म्हणतात, "अजून दम आहे गा याच्यात." यामागे त्यांचं पक्कं तत्त्वज्ञान आहे. "कंपनीवाले भेकड असतात. माल शंभराचा बनवतात अन् चालवतात सत्तरवर. बाकीचा दम आतच राह्यते. तो बाहेर काढाले माणूस लागते." तो माणूस कोण, हे सांगायची त्यांना कधी गरज पडली नाही.

सकाळी फिरायलाही ते याच तत्त्वावर जातात. मानेवाडा रोडवर समोरून कोणी ओळखीचं आलं, की नमस्कार ते दहा पावलं आधीच करून टाकतात. कारण नंतर वेळ मिळत नाही.

अशा माणसाच्या हातात कॉम्प्युटर पडला. गेल्या दिवाळीनंतर काकांनी सीताबर्डीहून सुटे भाग आणले आणि बैठकीत सतरंजी पसरून स्वतः जोडले. पडदा एवढा मोठा घेतला की तो ठेवायला शोकेसमधल्या बाहुल्या माळ्यावर गेल्या. पहिले आठ दिवस बरे गेले. मग काकांना कुठूनतरी कळलं की मेमरीच्या पट्ट्यांचा वेग आत सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतो. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला काकांनीच शिकवलं. वेग थोडा वाढवायचा, दिवसभर चालवून पाहायचा, मग अजून थोडा. प्रत्येक वाढीची वहीत नोंद. आकड्यापुढे शेरा: 'मशीन खुश', 'मशीन कुरकुरते', 'मशीन रुसलं'.

"काका, एवढा वेग कशाला हवा तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"हळू आहे गा ते."

"कशात हळू आहे?"

"हळू आहे म्हणलं न!" काका एकदम खेकसले. ते माझ्यावर सहसा खेकसत नाहीत. मी मुकाट्याने टॉवेलला तोंड पुसलं.

आता मी यात कसा अडकलो ते सांगतो. मी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पण तिथे मी कर्मचाऱ्यांच्या बसगाड्यांचं पाहतो. कोणती बस कुठून सुटणार, ड्रायव्हर आला नाही तर कोण जाणार, एवढंच माझं काम. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं, याच्याशी माझा काडीचा संबंध नाही. हे मी काकांना पाच-सहा वेळा समजावून सांगितलं.

"पण मिहानात आहे न तू?"

"आहे."

"मंग झालं तं."

आणि या मशीनवर चालायचं काय? काकू उमरेडच्या. त्यांचे वडील करवती काठाची लुगडी विणायचे. काठावरच्या नक्षीचे अठरा प्रकार त्यांच्याकडे होते, आणि ते कागदावर कुठेच नव्हते. लहानपणापासून मागाजवळ बसून काकूंच्या डोक्यात तेवढे राहिले. ते सगळे कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि उमरेडला भावाकडे पाठवायचे, असं काकूंनी ठरवलं होतं. भावाकडे अजून दोन माग चालतात. म्हणून रोज बरोबर चार वाजता काकू पडद्यासमोर बसायच्या आणि काका माउस धरायचे. काकू म्हणायच्या, "तीन भरा, एक सोडा. दोन भरा, एक सोडा." काका चौकटीतली घरं भरत जायचे. जगात बाकी कोणाचं न ऐकणारा हा माणूस, दोन तास एक शब्द न बोलता भर म्हटलं की भरायचा, सोड म्हटलं की सोडायचा. पंधरा काठ झाले होते, तीन राहिले होते.

काकूंबद्दल माझी एक बारीक तक्रार होती. त्या बोलताना माझ्याकडे पाहायच्या नाहीत. माझ्या कानाच्या पलीकडे, खिडकीकडे पाहून बोलायच्या. मला वाटायचं, मी काही त्यांच्या मनात भरलेलो नाही.

तर मे महिन्यातला शनिवार. सुटी होती आणि मी अकरा वाजता दुसरी झोप काढायच्या बेतात होतो. बेल वाजली. काकांच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी.

"मंगेश, चाल गा. मशीन उठून नाही राहिलं."

"काय केलं तुम्ही?"

"काही नाही. थोडंसं वाढवलं."

"थोडंसं म्हणजे?"

काकांनी जिन्याच्या छताकडे पाहिलं. "थोडंसं म्हणजे, जरा जास्त थोडंसं. ते जाऊ दे न. चार वाजता हिले बसाचं आहे."

खाली जाऊन पाहतो तर मशीनचे पंखे फिरत होते, पण पडदा काळा ठिक्कर. आतल्या बोर्डावर एक बारीकसा पिवळा दिवा लागून राहिलेला. मी मोबाइलवर शोधलं. तो दिवा म्हणजे मेमरीपाशी गाडी अडली. काका म्हणाले, "ते मलेबी माहीत आहे, पुढचं सांग."

पुढचं म्हणजे मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून पाहा. पाहिली. मग दुसरी काढून पाहिली. मग खाचा बदलून पाहिल्या. काढलेले स्क्रू काकूंनी दिलेल्या वाटीत होते, ती वाटी पंख्याच्या वाऱ्याने टेबलावर सरकत होती. दीड वाजला. पिवळा दिवा जसाच्या तसा. काकांच्या तोंडाला फेस आला होता, आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे पाहत होते.

जेवण उरकून मी पुन्हा मोबाइल उघडला. बोर्डावर घड्याळात असतो तसा एक गोल सेल असतो. त्याच्या जिवावर मशीन आपली सेटिंग लक्षात ठेवतं. वीज पूर्ण बंद करून तो सेल काढला आणि जरा थांबलं, की मशीन केलेलं सगळं विसरतं आणि कंपनीच्या वेगावर परत येतं.

"कंपनीच्या वेगावर?" काकांचा चेहरा पडला. पण घड्याळात दोन वाजले होते. "कर बाप्पा. आधी मेन बंद."

'आधी मेन बंद' ही पत्र्याची पाटी काकांच्या वर्कशॉपमध्ये होती. रिटायर होताना ती त्यांनी मागून घेतली आणि घरी मीटरच्या वर ठोकली. काकांनी पाटीखाली उभं राहून ऐटीत घराचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला, कूलर थांबला, आणि भर दुपारी नागपूरचं ऊन काय असतं ते आम्हाला भिंतींनी समजावून सांगितलं. सेल काढला. घामाने निथळत दहा मिनिटं बसलो. म्हणजे दहा मिनिटं बसायचं ठरलं होतं, काकांनी ती सहात उरकली. सेल लावला, मेन चालू केला, बटण दाबलं. पिवळा दिवा. पुन्हा मेन पाडून सेल काढला, या वेळी मी मोबाइलवर घड्याळ लावून पुरती पंधरा मिनिटं काकांना हात लावू दिला नाही. सेल लावून मेन चालू केला, पुन्हा पिवळा दिवा.

तीन वाजून गेले. काका मशीन बंद करून, मेन तिसऱ्यांदा पाडून खुर्चीत बसले. "जळली वाटते मेमरी," ते म्हणाले. "म्याच जाळली. आज रविवार नाही न? दुकान उघडं असन न गा?"

तेवढ्यात काकू ताकाचे ग्लास घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मेन बंद आहे न?"

"हाव."

"मंग त्या माउसच्या पोटातला लाल दिवा काहून लागून आहे?"

आम्ही दोघांनी पाहिलं. टेबलाच्या कडेला पडलेल्या माउसखाली लालसर उजेड होता. घराचा मेन बंद, आणि कॉम्प्युटरला वीज चालू!

काकांनी कपाळावर हात मारला. "इन्व्हर्टर!"

मग खुलासा झाला. चार ते सहामध्ये वीज गेली तर काकूंचं काम अडेल, म्हणून काकांनी इन्व्हर्टर आणला होता. त्यावर पंखा नाही, दिवा नाही, फक्त हे मशीन. आम्ही दोन माणसं घामात भिजत बसलो होतो आणि मशीनला विजेत एका मिनिटाचा खंड नव्हता. तीस वर्षं पोरांना 'आधी मेन बंद' शिकवलेला माणूस पत्र्याच्या पाटीकडे पाहायला तयार होईना. काकू मात्र पदर तोंडाला लावून हसल्या. "मी म्हणलंच होतं, एखादा पंखा तरी लावा त्याच्यावर."

मशीनची पिन मागून उपसली, सेल काढला, थांबलो, सगळं परत जोडलं, मेन चालू केला. बटण दाबलं. पडदा काळा, दिवा पिवळा. काकांचं बोट लगेच बटणाकडे गेलं.

"काका, हात लावू नका!" मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "लिहिलंय इथे. पहिल्यांदा मेमरी आपलं आपण जुळवून घेते. वेळ लागतो. तोवर बंद करायचं नाही."

"किती वेळ?"

"लिहिलं नाही."

थांबणं हा प्रकार काकांच्या आयुष्यात नव्हता. ते उठले, बसले, मशीनवर हात ठेवून ऐकू लागले. शेवटी काकूंनी त्यांच्यासमोर लसणाची परडी ठेवली. "सोला. बोटाले काम राहीन." काकांनी असा लसूण सोलला की महिन्याची सोय झाली. चाराला पाच कमी असताना पडद्यावर उजेड आला. माझा जीव भांड्यात पडला. काका मात्र खुश दिसेनात. वेगाचा आकडा पाहून म्हणाले, "भल्लाच हळू आहे."

चार वाजता काकू बसल्या. काकांनी सोळावा काठ उघडला, नक्षी इतकी मोठी केली की एकेक घर हाताच्या तळव्याएवढं झालं, आणि चित्र हळूच डावीकडे सरकवलं. काकूंनी मान एका बाजूला कलवली. जरा वेळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मधातलं विरघळून राहिलं. घरं एकमेकांत शिरून राहिली. तुमचं मशीन हळूच आहे अजून."

मी पडद्याकडे पाहिलं. चित्र दगडासारखं स्थिर होतं. प्रत्येक घराची रेघ पट्टीने आखल्यासारखी. मी म्हणायला गेलो, "काकू, एकदम स्पष्ट तर..." आणि काकांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"हाव वं," ते म्हणाले. "मशीनच हळू आहे. सोमवारी वाढवतो न थोडं."

ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. ते कधीच कोणाला सोडायला येत नाहीत, तेवढ्यात त्यांची दोन कामं होतात.

"डोळ्याचा पडदा खराब होऊन राहिला तिचा," काका म्हणाले. "मधातलं दिसत नाही. कडेचं दिसते. डोळ्यात सुया चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही म्हणते डॉक्टर."

मला माउसचा लाल दिवा आठवला. कानापलीकडची खिडकी आठवली, आणि इतके दिवस मनात ठेवलेल्या तक्रारीची मला लाज वाटली.

"काकूंना माहीत आहे?"

"तिच्यासमोरच सांगितलं न डॉक्टरनं. घरी आली, इथं बसली, अन् म्हणे, तुमचं मशीन हळू आहे. म्या म्हणलं, हाव, वाढवतो." काकांनी कठड्यावर उगाच बोट घासलं. "मशीन हळू असलं तं ते माह्या हातात आहे गा. डोळा नाही माह्या हातात."

निमजेकाका मला फार आवडतात, हे मला त्या जिन्यात कळलं. पण असं काही तोंडावर बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हणालो, "सोमवारी वाढवायच्या आधी मला बोलवा. आणि आधी इन्व्हर्टरची पिन काढा."

पुढच्या शनिवारी चारच्या सुमारास खाली गेलो, तर काका घरी नव्हते. कूलरच्या पंपाचा पाइप उडाला होता, तो आणायला गेले होते. काकू पडद्यासमोर बसल्या होत्या. सतरावा काठ अर्धा झाला होता.

"मंगेश, बस," त्या म्हणाल्या. मग माझ्या कानापलीकडे खिडकीकडे पाहू लागल्या. आता मला माहीत होतं, त्या थेट माझ्याकडेच पाहत होत्या. "तू मिहानात आहे. तुले समजते. खरं सांग, हे मशीन हळू आहे न?"

मला खोटं बोलता येत नाही. बस वेळेवर सुटली नाही तर सुटली म्हणून मी कधी सांगितलेलं नाही.

"हो काकू," मी म्हणालो. "हळूच आहे. पण अजून दम आहे त्याच्यात."

काकूंनी चाचपून माउस माझ्याकडे सरकवला.

"मंग ते येतवर तू धर," त्या म्हणाल्या. "तीन भर, एक सोड."

मी तीन भरले, एक सोडला.