सुरक्षित वस्तीचा दाखला

कोणतीही गोष्ट योग्य मार्गाने कळवली गेल्याशिवाय घडली असं मानायचं नाही, या तत्त्वावर जगातली सगळी सैन्यं उभी आहेत, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कुणीही उठेल आणि काहीही कळवेल.

सुभेदाराची बायको गेली हे त्याला सकाळी नऊ वाजता कळलं. बहिणीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे निम्मं बोलणं समजलं नाही, पण समजलं तेवढं पुरेसं होतं. डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. मात्र बहिणीचा फोन हा खाजगी मार्ग झाला. योग्य मार्गाने, म्हणजे इस्पितळाकडून मुख्यालयाला, मुख्यालयाकडून पलटणीला आणि पलटणीकडून सुभेदाराच्या हातात, कागद संध्याकाळी पाच वाजता पडला. नऊ ते पाच असे आठ तास सुभेदार कागदोपत्री सपत्नीक होता. याच आठ तासांत, सकाळी अकरा वाजता, त्याच्या बदलीचा हुकूम निघाला आणि नव्या ठाण्यावर त्याला दोन खोल्यांचं कुटुंबाचं क्वार्टर मंजूर झालं. पाच वाजून दहा मिनिटांनी ते रद्द झालं. (कार्यालय साडेपाचला बंद होतं. काम दुसऱ्या दिवसावर ढकललं असं कुणी म्हणू शकणार नाही.)

नियमांत कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे. जवान, त्याची पत्नी, आणि पत्नीसोबत राहणारी अपत्ये. सुभेदाराला दहा वर्षांची मुलगी होती. ती कुणासोबत राहणारं अपत्य? पत्नीसोबत. पत्नी कुठे आहे? नाही. म्हणजे मुलगी कुणासोबतच राहत नव्हती, आणि जी कुणासोबत राहत नाही तिला खोली लागत नाही. सुभेदाराला बराकीत खाट मिळाली. खाट चांगली होती, करकरत नव्हती.

नियम काही दगडाचे नसतात. अशा मुलीसाठी त्यांत सोय होती. बापाने एकवीस दिवसांत बाहेर भाड्याचं घर शोधावं, ते सुरक्षित वस्तीत असल्याचा निवास कार्यालयाचा दाखला आणावा, आणि मुलीला आणून ठेवावं. न जमल्यास मुलीने वसतिगृहात जावं. वसतिगृह रेल्वेने दोन दिवसांच्या अंतरावर होतं. तोवर मुलगी आत्याकडे होती. आत्याच्या दोन खोल्यांत सात माणसं होती. "मी आठवी," असं मुलगी फोनवर सांगे, जणू काही तिला बक्षीस मिळालं होतं.

आता घर शोधणं म्हणजे काय, हे सुभेदाराला माहीत नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात नऊ बदल्या झाल्या. दरवेळी तो आधी पलटणीबरोबर जाई, बायको मागून येई आणि घर शोधी. तिला सरासरी दीड दिवस लागे. सुभेदाराला घराचा पत्ता तयार मिळे. तो जाई तेव्हा चहाचं आधण ठेवलेलं असे. नऊ घरांपैकी एकही वस्ती वाईट निघाली नव्हती. तू हे कसं ओळखतेस, असं त्याने चौदा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं असंही नाही. सुचलंच नव्हतं.

निवास कार्यालयातला कारकून भला माणूस होता. "तुम्ही कशाला वणवण करताय, साहेब? मिसेसना पाठवा. बायकांना पटकन मिळतं," तो म्हणाला. मग त्याने समोरचा कागद वाचला. "हां. म्हणजे... हो. बसा ना तुम्ही."

शेवटी सुभेदाराने मुलीला फोन केला.

"आई घर कसं बघायची गं?"

"घर नव्हती बघत, बाबा. गल्ली बघायची. घर शेवटी."

"बरं. सांग, लिहून घेतो."

"दुपारी चारला जायचं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. बायकांचे कपडे रस्त्याच्या बाजूला वाळत घातलेत का बघायचं. मागे लपवून घातले असतील तर निघून यायचं."

"पुढे?"

"मुली बाहेर खेळतात का, आणि खेळताना मागे वळून बघतात का. मग एखाद्या मुलीला विचारायचं, तू कुठपर्यंत जातेस एकटी? मग एका घरी पाणी मागायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पण घाई नाही करायची. आई तासभर उभी राहायची. मला कंटाळा यायचा."

सुभेदाराने याचे पाच कलमी स्थायी आदेश केले, वहीच्या पहिल्या पानावर उतरवले आणि अंमलबजावणी सुरू केली. यात काही चूक होऊ शकते असं त्याला वाटलं नाही. जो आदेश नऊ वेळा यशस्वी झाला, तो दहाव्यांदा का होऊ नये?

पहिल्या वस्तीत तो चार वाजता पोचला, गल्लीच्या तोंडाशी सावधान स्थितीत उभा राहिला आणि वहीत नोंदी करू लागला. सहाव्या मिनिटाला वॉचमन आला.

"ओ काका, कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. बघतोय."

"काय बघताय?"

सुभेदाराला वरिष्ठांपुढे आणि कनिष्ठांपुढे सारखंच खरं बोलायची सवय होती. "कपडे," तो म्हणाला.

सोसायटीच्या कार्यालयात चेअरमननी वही मोठ्याने वाचली. "बायकांचे कपडे, चौदा. पैकी रस्त्याच्या बाजूस अकरा. लहान मुली, सहा. मागे वळून बघणाऱ्या, दोन." जमलेल्या लोकांतल्या एका बाईने आपल्या मुलीला आत पाठवलं. सुभेदाराने ओळखपत्र काढलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, तेव्हा चेअरमनचा चेहरा उजळला.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! जवानांबद्दल आम्हाला काय आदर आहे म्हणून सांगू! गेटवरचा बोर्ड वाचलात ना?"

गेटवर 'आमच्या जवानांना आमचा सलाम' असा बोर्ड होता. तो बाहेरच्या बाजूला होता, म्हणजे सलाम जवान बाहेर असतानाच लागू होता.

"वहिनी नाही आल्या बरोबर?" चेअरमननी विचारलं.

"नाही."

"मागून येणार असतील."

"नाही. ती पुढे गेली."

चेअरमनना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला. "अरेरे. फार वाईट झालं हो. वयही काही नसेल." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसून परत घातला. "मग तर अजिबातच जमणार नाही. आमच्याकडे फक्त फॅमिलीवाले."

पुढच्या पंधरा दिवसांत सुभेदाराने आणखी सहा वस्त्यांत हीच कार्यवाही केली. चार ठिकाणी वॉचमनने हटकलं, एका ठिकाणी कुत्र्याने, आणि एका ठिकाणी पोलीस चौकीत दोन तास बसवून चहा पाजला. (चहा चांगला होता. फौजदाराचा मेहुणा सैन्यात होता.) पाणी मागण्याच्या कलमापर्यंत तो एकाही वस्तीत पोचू शकला नाही. मुलीला प्रश्न विचारायचं कलम त्याने चौकीतून सुटल्यावर स्वतःहून खोडलं.

घर नाकारण्याची कारणं त्याने त्याच वहीत लिहिली. बाई नाही म्हणून, तीन. बदली होईल म्हणून, एक. बदली झाली तरी जागा सोडणार नाही म्हणून, एक. मिशा बघून बायकामाणसं घाबरतात म्हणून, एक. सातव्या घरमालकाने कारण दिलं नाही, पण निघताना हात जोडून म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून आम्ही सुखाने झोपतो." सुभेदाराने ते कारण म्हणूनच लिहून घेतलं.

ही वही घेऊन तो निवास कार्यालयात गेला, तेव्हा कारकुनाने दाखल्याचा सतरा प्रश्नांचा फॉर्म पुढे केला. त्यातला नववा प्रश्न असा होता. 'अनोळखी पुरुष विनाकारण उभा आढळल्यास वस्तीत त्यास किती मिनिटांत हटकले जाते? (दहापेक्षा अधिक असल्यास वस्ती अपात्र.)'

"अरे वा," कारकून वही चाळत म्हणाला. "सहा मिनिटं, चार मिनिटं, साडेआठ मिनिटं... साहेब, तुमच्या तर सातही वस्त्या पास आहेत!"

"पण तिथे मला कुणी घर देत नाही."

"ते प्रश्न क्रमांक नऊमध्ये विचारलेलं नाही."

सुभेदाराने विचार केला. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे जी वस्ती मला आत घेईल ती सुरक्षित नाही, आणि जी सुरक्षित आहे ती मला आत घेणार नाही."

कारकुनाने हे दोनदा मनात घोळवलं. "बरोबर आहे," तो आदराने म्हणाला. "हा फॉर्म तज्ज्ञांच्या समितीने केलाय."

अठराव्या दिवशी सुभेदार आठव्या वस्तीत गेला. एका छापखान्याच्या मागची अरुंद गल्ली होती. कपडे रस्त्यावर. मुली रस्त्यावर. एका दारात शिवणयंत्र मांडून एक वयस्कर शिंपीण बसली होती. सुभेदार चार वाजता उभा राहिला. सव्वाचार झाले. पाच झाले. कुणीही आलं नाही. मुली त्याला वळसा घालून पळत होत्या, जसा खांबाला घालतात. सहा वाजायला दहा मिनिटं असताना शिंपिणीने यंत्र थांबवलं.

"अहो, बसा आता. पाय दुखले असतील." तिने स्टूल पुढे सरकवलं आणि न मागता पाणी दिलं. "मुलीसाठी जागा बघताय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाप्यामाणूस कपडे मोजत उभा राहिला की एक तर तो वेडा असतो, नाहीतर मुलीचा बाप. वेडा इतका सरळ उभा राहत नाही." तिने दोरा दाताने तोडला. "आणि तिची आई?"

"नाही."

"बरं." तिने खिळ्यावरची किल्ली काढली. "वरच्या दोन खोल्या आहेत. खिडकी चांगली आहे. बघून घ्या."

"तुम्ही मला ओळखत नाही."

"ओळख काय, राहिल्यावर होते."

खोल्या चांगल्या होत्या. खिडकीतून सबंध गल्ली दिसत होती. सुभेदार त्या खिडकीत उभा राहिला आणि त्याने गल्लीत येण्याजाण्याच्या वाटा मोजल्या. वीस वर्षं त्याने पहाऱ्यावर काढली होती. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचं आणि कोण आहे विचारायचं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. इथे तो एक तास पन्नास मिनिटं उभा होता आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. आज तो होता. उद्या दुसरा कुणी असेल. "कळवतो," असं म्हणून तो उतरला, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ११०.

"एकशेदहा?" कारकून म्हणाला. त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, नुसते नऊ लिहिले असते तर?"

"एकशेदहाच झाली."

कारकुनाने उसासा टाकून शिक्का मारला. शिक्का 'अपात्र' असा होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "मिळालं, बाबा?"

"एक बघितलं. पण तिथे मला कुणी हटकलंच नाही. दोन तास."

"कुणीच नव्हतं गल्लीत?"

"होती एक शिंपीण. दारात."

"ती काय करत होती?"

"शिवत होती. मधूनमधून बघत होती."

"किती वेळ?"

सुभेदाराने आठवून बघितलं. "सगळा वेळ," तो म्हणाला.

मुलगी म्हणाली, "आईला तेच तर लागायचं, बाबा."

तो सकाळी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला. कारकुनाने नियम काढून दाखवला. एकदा अपात्र ठरलेल्या वस्तीची फेरतपासणी एक वर्षाने होते. ही तरतूद लोकांनी घाईत निर्णय घेऊ नयेत म्हणून आहे.

या साऱ्या प्रकरणात कुणाचीही चूक नाही. निवास कार्यालयाची नाही, समितीची नाही आणि वस्त्यांची तर नाहीच. सात वस्त्यांपैकी चौथी तुमची. तुम्ही पडदा सरकवून दोनदा बघितलंत, मुलांना आत बोलावलंत आणि वॉचमनला फोन लावलात. सुभेदाराच्या वहीत तुमची वेळ सगळ्यांत चांगली आहे, तीन मिनिटं चाळीस सेकंद. कार्यालयाच्या सुरक्षित वस्त्यांच्या यादीत तुमची वस्ती आता पहिली आहे. तुम्ही घाबरलात यात गैर काहीच नाही. मुलीच्या काळजीने माणूस घाबरतोच. तो गृहस्थ कोण होता हे तुम्हाला नंतर समजलं, तेव्हा तुम्ही हळहळलात, तेही त्याला वॉचमनने सांगितलं. त्याला बरं वाटलं. तुमच्या वरच्या मजल्यावरची जागा चांगल्या भाडेकरूअभावी अजून बंद आहे, हेही वॉचमननेच सांगितलं.

मुलगी सोमवारी वसतिगृहात गेली. तिथल्या फॉर्मवर घरच्या पत्त्याचा रकाना आहे. तो भरायचा राहिला आहे.