मोरीच्या पाण्यावरचा झेंडू

सुमित्राबाईंचं आर्वीतलं घर चांगलं ऐसपैस होतं, पण बागेची भिंत मात्र कमरेएवढीच. सदाशिवराव हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. भिंतीवर कोपर टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा हाणता याव्यात म्हणून त्यांनी ती मुद्दाम ठेंगणी बांधून घेतली होती. "भिंत तुमची, झाडं माझी," बाईंनी बजावलं. त्यांची एकच हौस होती. महालक्ष्म्यांना एकदा तरी घरच्या फुलांचा हार घालायचा.

पण भिंतीशी लावावं काय? जास्वंद लावली, ती गल्लीतल्या गणपतींना गेली. काटेरी गुलाब लावला, तर समोरची शोभाबाई भल्या पहाटे आकडीची काठी घेऊन हजर! वर तोंड करून म्हणते काय, "देवाच्या फुलाले कोनी चोरी म्हनते का, वैनी?" घ्या!

यंदा बाईंनी झेंडू लावला आणि शोभाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं नवऱ्यावर ओरडल्या, "अवो, या झाडाईले मोरीचं खरकटं पानी जाते! देवाले चालत नाई हे फुलं!" शुद्ध थाप होती, पण लागू पडली. पहाटेची वर्दळ थांबली. झेंडू असा माजला की भिंत दिसेना.

महालक्ष्म्यांच्या पूजेच्या आदल्या दिवशी बाई परडी घेऊन निघाल्या, तर सदाशिवराव म्हणाले, "हे फुलं देवाले? मोरीच्या पान्यावरचे?"

"कोनतं मोरीचं पानी?"

"तूच तं ओरडलीस! मी त्याच दिवशी मोरीपासून नाली खोदली. गल्लीत तुहा शब्द खोटा पडू देऊ का?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, सारा संसार झाला, पयल्यांदा माहं ऐकलं, अन् ते बी हेच!"

रिकामी परडी ठेवून, डोळे पुसत त्या शोभाबाईकडे उद्याच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला गेल्या. पाहतात तो काय, शोभाबाईच्या महालक्ष्म्या गळाभर झेंडूनं नटलेल्या! तोच टप्पोरा, तोच केशरी.

शोभाबाई चपापली. मग म्हणाली, "धुतले ना मी, वैनी. अन् कमळ कुठं उगवते? चिखलातच ना?"

क्षणभर बाईंना तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला. "लाखातलं एक बोललीस, शोभा! चाल, आता माहे बी हार तूच ओवून दे."

शोभाबाईचा हात गल्लीकडूनच पोचत होता, त्यामुळे भिंतीची आतली बाजू शाबूत होती. तिला मुकाट्यानं दोन भरगच्च हार ओवावे लागले. बाई शेजारी बसून फुलं निवडून देत होत्या.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला बायकांची दाटी झाली. महालक्ष्म्यांवरून कुणाची नजर हटेना. गल्लीतल्या अनुसयाबाईंनी नाक मुरडलं, "काऊन वो सुमित्राबाई, हे त्याच भिंतीवरचे ना? मोरीच्या पान्याचे?"

सुमित्राबाई तोंड उघडणार, तोच शोभाबाई तावातावानं उठली. "काई बी बोलता! एकदम चोख फुलं हायेत. मी रोज नेतो ना!"

साऱ्या बायकांच्या माना शोभाबाईकडे वळल्या.

"रोज?" सुमित्राबाईंनी गोड आवाजात विचारलं, आणि तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं.