ओट्यापुरतं वायफाय

सकाळी ऐन गर्दीत टीव्हीवरची घावनं गायब झाली आणि त्या जागी एक तरणाबांड मास्तर कंबर हलवू लागला.

खारघरच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर संघमित्रा तांबेचं छोटं उपाहारगृह होतं. टीव्ही तिनं पदार्थांची नावं दाखवायला लावला होता. घावन-चटणी, आंबोळी, कांदेपोहे, चहा. पण आता त्यावरून मास्तर ओरडत होता, "लाजायचं नाही! पाहुणे बघतायत! एक, दोन, तीनला डावा पाय, चारला गिरकी!" कॉलेजची पोरं पोह्यांच्या बशा सांभाळत डोलू लागली. एका आजोबांनी चष्मा पुसून विचारलं, "गिरकी कशी प्लेट?"

एकदा झालं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण मास्तर रोज सकाळी हजर. टीव्ही बंद करून पुन्हा लावला तरी हा आपला गिरकीवरच. शेवटी एकदा तव्यावर घावन ओतताना आपलाच डावा पाय पुढे जातोय, हे संघमित्राच्या लक्षात आलं आणि तिनं भावाला फोन लावला.

आकाश रबाळ्याच्या एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायचा. आल्या आल्या त्यानं विचारलं, "ताई, पासवर्ड काय आहे?"

"कशाचा?"

"वायफायचा गं!"

"त्याला कशाला पासवर्ड? दारात माठ ठेवलाय, त्याला कुलूप लावते का मी?"

आकाशनं कपाळाला हात लावला. बहिणीचं म्हणणं त्याला कळत नव्हतं असं नाही. दोघं महाडकडची, आणि तिकडच्या माणसाला पाण्यावरचं कुलूप मुळातच आवडत नाही. गावी त्यांचे वडील दर उन्हाळ्यात पाणपोई घालायचे. पिणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही, हा घरचा कायदा. वायफाय आल्यावर संघमित्रानं तोच कायदा त्याला लावला होता.

"पाणपोई ठेव ना, कोण नाय म्हणतंय?" आकाश म्हणाला. "पण तुझं बिलाचं मशीन, हा टीव्ही आणि येणारा-जाणारा, सगळे एकाच पाइपवर बसलेत. कुणीतरी आपला टीव्ही समजून तुझ्या टीव्हीवर नाच लावतोय. उद्या कोणी तुझ्या बिलात हात घातला तर?"

बिलाचं नाव काढल्यावर संघमित्रा नरमली. आकाशनं दुकानाचं नेट वेगळं केलं, गिऱ्हाइकांचं वेगळं. गिऱ्हाइकांचा पासवर्ड रोज बदलणार आणि बिलावर छापून येणार. वर त्यानं राउटरचा आवाकाही कमी केला.

"तुझं नेट पार्किंगपर्यंत फिरायला जात होतं. आता ओट्याच्या पायरीपुढे नाय जाणार. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन तिला त्या ओट्याचंच होतं. आत टेबलं तीन. म्हातारी माणसं यायची, जागा नाही बघून परत फिरायची, आणि संघमित्राच्या जिवाला ते लागायचं. ओट्यावर चार खुर्च्या आणि एखादं टेबल टाकायची परवानगी मिळाली असती तर दुकान जरा हातपाय पसरून बसलं असतं. पण ओटा सोसायटीचा, आणि सोसायटी चेअरमन नंदकुमार रेग्यांची. ते दुकानाच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर राहत. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "सोसायटीच्या मालमत्तेचा कुणीही फुकट वापर करायचा नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. खुर्च्यांचा निकाल रविवारच्या सभेत लागायचा होता.

कुलूप लागलं आणि दुसऱ्याच दिवशी एक नवल घडलं. ज्यांनी कधी दुकानाची पायरी चढली नव्हती, असे सोसायटीतले सभ्य लोक एकेक करून खाली येऊ लागले.

"चहा राहू द्या हो, आधी बिल द्या."

बिल हाती पडलं की ते देवाचा अंगारा मिळाल्यासारखं मुठीत धरून ओट्याच्या कडेला उभे राहायचे. संघमित्राला वाटलं, चव आवडली असेल.

मग खुद्द रेगे आले. भिंतीकडे बघत म्हणाले, "एक चहा. आणि बिल."

"अहो काका, तुमच्याकडून कसलं बिल घेते! पहिल्यांदा आलात. त्यातून तुमच्या ऋताचं लग्न तोंडावर आलंय."

"नाही नाही, बिल हवं."

"लाजवू नका काका! हा चहा माझ्याकडून."

रेग्यांनी चहा संपवला, पण तो त्यांना गोड लागलेला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि पुन्हा बिल मागितलं. संघमित्रानं चहासोबत एक घावनही घातलं आणि हात जोडले. रेगे लालबुंद होऊन जिना चढून गेले. थोड्याच वेळात फलकावर सूचना लागली. दुकानातून निघणाऱ्या लहरींमुळे सोसायटीचा फाटकावरचा कॅमेरा बंद पडला असून, रविवारी खुर्च्यांच्या विषयाआधी दुकानाचा विषय घेतला जाईल.

संघमित्राचं धाबं दणाणलं. "आकाश, काढून टाक ते कुलूप! खुर्च्या राहिल्या बाजूला, दुकान जायचं माझं!"

"कुलूप नाय निघणार," आकाश म्हणाला. "मी येतो सभेला."

रविवारी सगळे पार्किंगमध्ये जमले. रेगे उभे राहिले. "सदर दुकानात गेल्या आठवड्यात काही यांत्रिक फेरफार झाले. तत्क्षणी आपला कॅमेरा बंद पडला. याचा जाब विचारला पाहिजे."

"फेरफार काय नाय काका," आकाश म्हणाला. "वायफायला पासवर्ड लावला, बस."

तिसऱ्या मजल्यावरच्या चांगुणाबाई पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. वय झालेलं, त्यामुळे भीड कुणाची नाही. त्या म्हणाल्या, "आरं पन नंदकुमार, कुलूप तिनं तिच्या दाराला लावलं. तुझा क्यामेरा कशापायी बंद पडला?"



"बसवणाऱ्यानं... जे नेट मिळालं ते जोडलं असेल," रेगे पुटपुटले.

"मग तसं सांग की! माजा बी नातू दिसंना झालाय फोनात. सून म्हनाली, खालचं फुकटचं बंद झालं."

आता एकेकाला आपल्या चपलांचे अंगठे फार प्रेक्षणीय वाटू लागले. फुकट वापराविरुद्ध बोलणारं तोंड उघडंच राहिलं होतं. संघमित्राला सारं उमगलं. मनात आणलं असतं तर त्या घटकेला तिला एकेकाची सालटी काढता आली असती. पण मान खाली घालून उभे असलेले रेगे बघून तिला वाईट वाटलं. तहानलेल्याला नाव-गाव विचारायचं नसतं, ते यासाठीच.

"कॅमेऱ्यासाठी आकाश वेगळी सोय करून देईल," ती म्हणाली. "फाटक सगळ्यांचंच आहे. आणि तुम्हालाही पासवर्ड देते, बिलाशिवाय. काय लपवायचंय त्यात?"

सभेनं मोठा श्वास सोडला.

"फक्त एक आहे," आकाश म्हणाला. "नेट आता ओट्यापुरतंच. वर घरात नाय पोचणार. पायजे असेल तर ओट्यावर यायला लागेल."

"आनि तितं काय उभ्यानं बोलू नातवाशी?" चांगुणाबाई कडाडल्या.

रेग्यांनी घसा खाकरला, कागद चाळले, चष्मा काढून पुन्हा लावला. "ज्येष्ठांची गैरसोय लक्षात घेता," ते म्हणाले, "ओट्यावर खुर्च्यांना हरकत नसावी. मात्र चार पुरणार नाहीत. आठ ठेवाव्यात."

सगळे हात एकदम वर गेले. काहींनी तर दोन्ही केले.

सोमवारी सकाळी ओटा भरून गेला. चांगुणाबाई फोनातल्या नातवाला घावन दाखवत होत्या. अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून, कानात इअरफोन घालून रेगे मोबाइल बघत बसले होते. संघमित्रा त्यांचा चहा घेऊन गेली तेव्हा तिला टेबल हलताना दिसलं. तिनं खाली पाहिलं. टेबलाखाली दोन पाय मन लावून काम करत होते. एक, दोन, तीन... आणि तिथं उजवाच पुढे येत होता. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उजवा.

लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

संघमित्रानं इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. चहा टेबलावर ठेवत ती वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, तीनला डावा."

रेग्यांनी मान वर केली नाही. पाय मात्र बदलला.